गव्हाआधीची मुंबई

मुंबईत बाहेर जेवायला जायचं ठरलं की बाकीच्यांचा प्रश्न असतो, "कुठे जायचं?" माझा प्रश्न असतो, "त्या हॉटेलाच्या स्वयंपाकघरात गहू कधी आला?" हसू नका. गेली काही वर्षं मी याच एका प्रश्नाच्या आधारावर या शहरात बाहेर जेवतेय, आणि चांगली चवीनं जेवतेय. तो प्रश्न कसा सुचला आणि त्याचं उत्तर शोधताना इतिहासाची पानं कशी उलटावी लागली, ते आज लिहायचं आहे.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (आणि दहा वेळा सांगूनही "अगं एवढ्याशा पोळीनं काय होतंय" म्हणणाऱ्या आमच्या मावश्या-काकवांसाठी) थोडक्यात सांगते. मला सिलिअ‍ॅक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आत बोटांसारख्या बारीक उंचवट्यांचं अस्तर असतं, ते झिजून सपाट होतं आणि मग खाल्लेलं अंगी लागत नाही. माझ्या बाबतीत वर्षानुवर्षं हिमोग्लोबिन वर चढायचं नाव घेत नव्हतं, त्यातून हे निघालं. याला औषध नाही. आयुष्यभर ग्लुटेन टाळायचं, एवढाच उपाय. ही आवडनिवड नव्हे, आणि डाएटचं फॅड तर नव्हेच नव्हे.

घरात हे जमवणं त्या मानानं सोपं असतं. आपलं पीठ, आपला तवा, आपला पोळपाट. खरी पंचाईत उंबऱ्याबाहेर. ऑफिसातली मंडळी जेवायला निघाली की आपण "मला भूक नाही" म्हणायचं. भाचीच्या वाढदिवसाला घरून डबा घेऊन जायचं आणि कोपऱ्यात उघडायचा. हळूहळू लोक बोलावणंच सोडून देतात, तेही वाईट हेतूनं नाही, तर "हिला उगाच अवघडल्यासारखं नको" म्हणून. आतडं बरं होतं, पण माणूस पंगतीतून उठतो. मला ते मान्य नव्हतं.

म्हणून मी दोन इतिहास शेजारी शेजारी ठेवून वाचायला लागले. एक या आजाराचा आणि दुसरा मुंबईच्या खाण्याचा. गंमत अशी की दोन्ही इतिहास एकाच महायुद्धात येऊन वळण घेतात.

आजाराची गोष्ट आधी. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत अरेटियस नावाच्या ग्रीक वैद्यानं अशा रुग्णांचं वर्णन करून ठेवलंय. पोटाला ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्यावरूनच 'सिलिअ‍ॅक' हे नाव आलं. नंतर थेट १८८८ साली लंडनच्या सॅम्युअल गी या डॉक्टरांनी या आजारावर निबंध लिहिला आणि म्हटलं, की रोगी बरा व्हायचाच असेल तर तो आहारानंच होईल. बात अगदी बरोबर होती, पण कुठल्या आहारानं ते त्यांना उमगलं नव्हतं. त्यांनी एका मुलाची हकिकत दिली आहे. त्याला रोज भरपूर डच शिंपल्या खायला घातल्या (आपल्या तिसऱ्यांची भावंडं म्हणा) आणि मूल छान बाळसं धरू लागलं. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि मूल परत आजारी पडलं. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. त्यानंही मुलं सुधारायची. कारण उघड आहे: केळी खाणाऱ्या मुलाच्या पोटात पाव जात नव्हता. पण श्रेय सगळं केळ्याला मिळालं!

खरा गुन्हेगार पकडला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञानं. युद्धाच्या आधीपासूनच त्याला गव्हाचा संशय होता. मग १९४४-४५ चा हिवाळा आला. जर्मनांच्या ताब्यातल्या पश्चिम हॉलंडमध्ये अन्नाची रसद तुटली. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. पाव दिसेनासा झाला. शहरंच्या शहरं उपाशी असताना सिलिअ‍ॅकची मुलं मात्र त्या मानानं बरी राहिली, आणि पाव पुन्हा मिळायला लागल्यावर परत ढासळली. १९५० मध्ये डिकेनं उट्रेख्टच्या विद्यापीठात प्रबंध दिला, आणि पुढे त्यानं व त्याच्या सहकाऱ्यांनी गव्हातल्या ग्लुटेनवर नेमकं बोट ठेवलं. म्हणजे गव्हानं काय होतं, हे कळायला गहू नाहीसा व्हावा लागला.

आता याच युद्धात आपल्याकडे काय चाललं होतं ते पाहा. तिथे गहू गेला, इथे तांदूळ गेला.

मुंबई हे मुळात भाताचं गाव. इथले मूळ रहिवासी कोळी. मासळी आणि भात, मासळी आणि तांदळाची भाकरी, हे त्यांचं रोजचं जेवण. आजूबाजूचं सगळं कोकण भातशेतीचं. गहू इथे नव्हताच असं नाही, पण आमच्या आजोळी मालवणकडे तो सणावारी दिसायचा. रोजच्याला पेज, भात, घावन, आंबोळी, नाचणीची भाकरी. सणाचा मोदकसुद्धा उकडीचा, म्हणजे तांदळाचाच. १५३४ च्या वसईच्या तहानंतर ही बेटं पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यांच्या भाषेतून 'पाव' हा शब्द आपल्याकडे आला, वस्तूही आली. पण कितीतरी काळ पाव म्हणजे ख्रिस्ती लोकांचं खाणं होतं, बाकीचे त्याला हात लावत नसत. पाव खाल्ला म्हणून माणूस बाटला असं मानणारा तो काळ.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला आणि मग पुढच्या पन्नास वर्षांत गिरणगाव उभं राहिलं. रत्नागिरीकडून, साताऱ्याकडून पुरुष माणसं आली, बिऱ्हाड गावाकडे ठेवून. त्यांच्या जेवणाची सोय लावली खानावळवाल्या बायकांनी. माझे आजोबा परळला अशाच एका खानावळीत जेवायचे. कोकणातला गडी भातावर आणि घाटावरचा भाकरीवर, आणि बाईला दोघांचीही सोय पाहावी लागे. मुंबईतलं आपल्या लोकांचं पहिलं 'बाहेरचं जेवण' हे असं होतं. हॉटेल हा शब्द त्याला कुणी लावला नाही आणि इतिहासाच्या पुस्तकातही या बायकांना फारशी जागा मिळाली नाही. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना एकत्र आणलं, तेव्हा कुठे त्यांच्याकडे कामगार म्हणून पाहिलं गेलं.

दुसऱ्या बाजूला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणातून, विशेषतः यझ्दकडून, जरथुष्ट्री माणसं आली आणि कोपऱ्याकोपऱ्यावर इराणी दिसायला लागला. कयानी १९०४ चं, ब्रिटानिया १९२३ चं. ब्रुन मस्का, खारी, मावा केक. इराण्याकडे जातपात विचारली जात नसे, हे त्याचं मोठं काम. सगळ्या जातीधर्मांची माणसं एका टेबलावर बसून चहात पाव बुडवायला लागली, ती इराण्याच्या संगमरवरी टेबलांवर. शहराला एका टेबलावर आणणारा पदार्थ गव्हाचा निघावा आणि नेमका तोच मला चालू नये, हे मला जरा लागतंच.

तरीही घराघरांतला आणि खानावळीतला भात आपल्या जागी होता. तो हलला १९४२ साली. मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ थांबला. हा तांदूळ किती महत्त्वाचा होता ते पुढच्या वर्षी बंगालच्या दुष्काळात दिसलं (त्याला सरकारची धोरणंही तितकीच कारणीभूत होती). मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झालं. तांदूळ मोजून, आणि त्याच्या जोडीला गहू, ज्वारी, बाजरी जे मिळेल ते. ज्या घरांत पोळी लाटायची सवय नव्हती, तिथे पोळपाट-लाटणं रोज निघायला लागलं. आमची आजी सांगायची, की तिला पोळ्या शिकवल्या त्या रेशनच्या गव्हानं.

हॉटेलांनीही वाट काढली. रवा इडली हा पदार्थ कसा जन्मला, याची बंगळूरच्या एमटीआरवाल्यांनी सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे: युद्धात तांदूळ मिळेना, म्हणून रव्याची इडली करून पाहिली. मुंबईकरांना आज उडप्याकडची रवा इडली आणि रवा डोसा तांदळाच्या इडली-डोश्याइतकेच जुने वाटतात. माझ्यासारखीसाठी त्या दोन इडल्यांमध्ये एक महायुद्ध उभं आहे.

युद्ध संपलं, पण गहू मागे फिरला नाही. १९५६ साली अमेरिकेशी पीएल-४८० खाली करार झाला आणि गव्हाच्या बोटी येत राहिल्या. १९६५-६६ चा दुष्काळ इतका वाईट होता, की १९६६ या एका वर्षात देशात एक कोटी टनांच्या आसपास धान्य बाहेरून आणावं लागलं, आणि त्यात मोठा वाटा गव्हाचा होता. १९६५ मध्येच सरकारनं 'मॉडर्न बेकरीज' ही कंपनी काढली आणि कापलेला, मेणकागदात गुंडाळलेला ब्रेड मध्यमवर्गीय घरात पोचला. आणि १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी बटाटेवडा पावात घातला, असं सांगतात. बोटी आणि वडापाव यांचा थेट संबंध मी जोडत नाही, पण सालं शेजारी ठेवून पाहावीत अशी आहेत. मग हरितक्रांती आली आणि गहू कायमचाच आपला झाला. (त्याच काळात रेशनवर 'मिलो' यायचा. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगताना आमच्याकडची मोठी माणसं अजूनही मिलोला शिव्या घालतात. मिलो म्हणजे परदेशी लाल ज्वारीच. तेवढी एकच गोष्ट मला चालली असती! :-))

हे सगळं वाचल्यावर मला एक गोष्ट लख्ख दिसली. मी आजवर मेनू कार्डावर काय नाही ते शोधत होते: हे नको, ते नको, यात मैदा, त्यात रवा. त्याऐवजी ज्या स्वयंपाकघराची मूळ घडण गव्हाआधीची आहे, तिथे जाऊन बसावं. तिथे मला काही वगळावं लागत नाही. मेनूचा कणाच भाताचा, डाळीचा, नारळाचा असतो. गहू तिथे नंतर आलेला पाहुणा आहे, आणि तो कुठे कुठे बसलाय ते ओळखता आलं की झालं.

माटुंग्याचंच घ्या. रामा नायक यांनी तिथे स्टेशनजवळ उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केलं ते १९४२ साली, म्हणजे रंगून पडलं त्याच वर्षी. केळीच्या पानावर भात, सार, सांबार, पल्ये, ताक. पुरी-चपाती येते ती बाजूला, जेवण उभं आहे ते भातावर. आजूबाजूच्या उडप्यांकडे इडली, साधा डोसा, मेदूवडा हे सगळं मूळचं तांदूळ आणि उडदाचं. वाचलं की वाटतं, माझ्यासाठी हा स्वर्ग आहे. जवळजवळ आहेही. पण सांबारात एक चोर बसलेला असतो. तो म्हणजे हिंग.

हिंगाची गोष्ट मी कुणालाही सांगितली की लोक डोळे मोठे करतात. हिंग हा अफगाणिस्तान-इराणकडून येणारा चीक. तो शुद्ध स्वरूपात इतका उग्र असतो, की वापरता येत नाही. म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळून तो सौम्य करतात. हे पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. काही कंपन्या तांदळाचं वापरतात, डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. उडिपीच्या सात्त्विक स्वयंपाकात कांदा-लसूण वर्ज्य, म्हणून हिंगाला मान मोठा. म्हणजे ज्या सोवळ्यापायी ते सांबार इतकं चवदार झालं, त्यातूनच माझ्या वाटीत गहू येतो. मग मी काय करते? गर्दी नसेल अशा वेळी जाते, "हिंगाची डबी बघू का?" असं सरळ विचारते. पहिल्यांदा गल्ल्यावरचे अण्णा विचित्र नजरेनं बघतात. पण या जुन्या ठिकाणी आचारी आत असतो, पदार्थ तिथेच बनतो आणि प्रश्नाचं उत्तर देणारं माणूस हाकेच्या अंतरावर असतं. डबी गव्हाची निघाली तर नारळाच्या चटणीबरोबर इडली. तीही फोडणीशिवाय मागायची, कारण हिंग तिथेही असू शकतो.

मालवणी आणि गोमंतकी हॉटेलांचंही असंच. माशाची आमटी, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी, भात. गव्हाचा कण नाही. पण तळलेला बोंबील मागवलात तर तो रव्यात घोळवलेला येतो, कारण रवा कुरकुरीत राहतो. सांगितलं तर तांदळाच्या पिठात घोळवून देतात (आणि माझ्या आईच्या मते तीच जुनी रीत), पण कढईतलं तेल तेच असतं, म्हणून मी तव्यावर परतून मागते, तवाही धुऊन घ्यायला सांगते. कोंबडी-वडे म्हटलं की लोकांना वाटतं वडे तांदळाचे. पण वड्याच्या पिठात तांदूळ-उडदाबरोबर बऱ्याच ठिकाणी गहूही दळलेला असतो. तीच गत थालीपिठाच्या भाजणीची. त्यापेक्षा घावन किंवा आंबोळी बरी. मंगळुरी हॉटेलात गेलात तर नीर डोसा आणि कोरी रोट्टी, दोन्ही तांदळाची. कोंबडीच्या रश्श्यात मोडलेली ती कुरकुरीत रोट्टी खाताना आपण पथ्यावर आहोत हे विसरायला होतं. इराण्याकडेसुद्धा अगदीच उपाशी राहावं लागत नाही. पाव सोडला तर पुलाव आहे. फक्त त्यातल्या कबाबात पाव कुस्करून घातलाय का, ते विचारायचं.

उलट जी स्वयंपाकघरं गव्हानंतर जन्मली, तिथे मी फिरकत नाही. पंजाबी ढाबा आणि तंदूर हा मुळात गव्हाच्या प्रदेशाचा. सिलिअ‍ॅकही तिकडे जास्त आढळतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर भारतात त्याचं प्रमाण १.२३ टक्के निघालं, ईशान्येला ०.८७ आणि दक्षिणेत ०.१०. आपलं 'चायनीज'ही तसंच. चिकन मांचुरियन १९७५ च्या सुमारास मुंबईतच नेल्सन वँग यांनी केलं असं सांगतात. त्यातलं मक्याचं पीठ मला चालतं, पण सोया सॉस बनतो तोच मुळी सोयाबीन आणि गव्हापासून. दिसायला भात असला तरी फ्राइड राइस माझ्यासाठी नाही.

आता माझा सगळ्यात लाडका शोध. उपास!

हॉटेलात जाऊन "यात ग्लुटेन आहे का?" असं विचारलं, की वेटर एकतर गोंधळतो किंवा आपल्याला खूश करायला "नाही नाही, एकदम फ्रेश आहे मॅडम" म्हणतो. पण "हे उपासाला चालतं का?" असं विचारून बघा. क्षणात खरं उत्तर मिळतं, कारण तो प्रश्न त्याला लहानपणापासून ठाऊक आहे आणि त्याचं उत्तर चुकवणं त्याला पाप वाटतं. आपल्याकडच्या उपासाला गहू चालत नाही, रवा-मैदा चालत नाही आणि हिंगही चालत नाही! फोडणी जिऱ्याची. साबुदाणा, वरीचे तांदूळ, राजगिरा, शिंगाडा, बटाटा, दाण्याचं कूट. शेकडो वर्षांच्या आचारधर्मानं माझ्यासाठी एक अख्खं मेनू कार्ड तयार करून ठेवलं आहे आणि ते तपासायला घरोघरच्या आज्या बसवल्या आहेत.

यातली आणखी एक गंमत. उपासाचं म्हणून आपण जे खातो, त्यातला बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाण्याचा कंद हे सगळं मूळचं दक्षिण अमेरिकेकडचं, म्हणजे पोर्तुगीज आल्यावरच आपल्याकडे पोचलेलं. ज्या हातांनी पाव आणला त्याच हातांनी पावाला पर्यायही आणला. आणि साबुदाण्याचा सेलमचा धंदा उभा राहिला तो पुन्हा दुसऱ्या महायुद्धात, आग्नेय आशियातला माल अडला तेव्हा. म्हणजे ज्या युद्धानं आमच्या भातात गहू आणला, त्याच युद्धानं देशी साबुदाणाही दिला. इतिहास असा एका हातानं घेऊन दुसऱ्या हातानं देतो.

दादरला मराठी पदार्थांची जुनी उपाहारगृहं आहेत. मामा काणे १९१० पासूनचं. प्रकाशचा साबुदाणा वडा तर जगजाहीर आहे. अशा ठिकाणी वड्याचं तेल वेगळं आहे का, एवढंच विचारायचं, कारण त्याच कढईत गव्हाचं काही तळलं असेल तर वडा उपासाचा राहत नाही आणि माझाही राहत नाही. साबुदाण्याच्या खिचडीला तोही प्रश्न नाही. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण माझ्यासाठीच केली असावी. आषाढीला सगळं घर उपास करतं आणि मी चंगळ करते. त्या दिवशी सगळ्यांच्या ताटात तेच असतं जे माझ्या ताटात असतं.

मग भाकरी? ज्वारी, बाजरी, नाचणी, सगळी बिनग्लुटेनची. १९९५ साली राज्य सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर द्यायला सुरुवात केली होती, तेव्हा गल्लोगल्ली माझ्या पथ्याचं जेवण मिळत होतं आणि मला त्याची गरज आहे हे माहीतच नव्हतं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि मोठ्या हॉटेलांतही भाकरी मानानं आली. पण भाकरीत एक मेख आहे, ती पिठाच्या गिरणीत. ज्वारी गव्हावर दळली, की पहिल्या पायलीत गव्हाचं पीठ येतंच. त्यात हॉटेलातली भाकरी पोळीच्या परातीत मळलेली आणि पोळीच्याच तव्यावर भाजलेली. 'ग्लुटेन-फ्री' म्हणायचं तर आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन लागतं. २० मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभरही नाही. म्हणून भाकरी मी जिथे पोळ्या होतच नाहीत, फक्त भाकऱ्याच बडवल्या जातात, अशा ठिकाणीच खाते.

अलीकडे वांद्र्याकडे, लोअर परळकडे 'ग्लुटेन-फ्री' लिहिलेली कॅफे दिसतात. वाईट नाहीत, कधी केक खायची हुक्की आली की मी जाते. पण तिथे बऱ्याचदा ते वजन कमी करणाऱ्यांसाठी लिहिलेलं असतं, आणि त्याच काउंटरवर शेजारी क्रोसाँ कापला जात असतो. ज्या लोअर परळला आजोबा महिन्याच्या हिशोबावर भात-आमटी जेवले, तिथे मी त्यांच्या कित्येक महिन्यांच्या जेवणाचे पैसे एका बदामाच्या पिठाच्या तुकड्याला देते, हे मनात आल्याशिवाय राहत नाही. असो.

जाताना आमच्या घरच्या मंडळींसाठी तीन गोष्टी. पुढच्या वेळी सगळे मिळून जेवायला निघालात तर ठिकाण मला निवडू द्या, तुमचं काही कमी पडणार नाही याची जबाबदारी माझी. मी आत जाऊन हिंगाची डबी बघत असले तर लाजू नका. आणि मावशी, पानात वाढलेली पोळी उचलून घेऊन "घे, आता चालेल" म्हणू नकोस गं. पोळी न लागलेलं दुसरं पान दे, मग मी तुझ्या शेजारी बसून पोटभर जेवते.